सातवा नियम

३ फेब्रुवारी, मंगळवार

चिमे,

सहा वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. हे वाक्य मी आज तीन कागदांवर लिहून पाहिलं. पहिल्या कागदावर पुढे ‘वेळ मिळाला नाही’ असं होतं. ते खोटं होतं. दुसऱ्यावर ‘काय लिहावं ते कळेना’ असं होतं; ते अर्धं खरं होतं. म्हणून कारण गाळलं आणि माफी तेवढी ठेवली.

फोन करता आला असता. पण फोनवर तू लगेच उत्तर देतेस आणि मला उत्तर सुचायला अर्धा दिवस लागतो.

आधी कामाचं लिहिते. भिंगरी कालपासून तुझ्याकडे, रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात, यायला लागली आहे. तिने तुला सगळं सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून नीट सांगितलेलं बरं. आमच्या कॉलेजात संज्ञापन विषयाच्या शेवटच्या वर्षाला एकशेवीस तासांची इंटर्नशिप असते. एखाद्या कार्यालयात जाऊन खरंखुरं काम करायचं, रोजची नोंद ठेवायची, तिथल्या मार्गदर्शकाची दर आठवड्याला सही घ्यायची आणि शेवटी अहवाल द्यायचा. त्याचे चार क्रेडिट मिळतात. ते चार नसले की बाकी सगळ्या विषयांत पहिली आली तरी पदवी अडते. भिंगरीची पुढच्या अभ्यासक्रमाची जागा पक्की झाली आहे, पण जूनमध्ये हातात पदवी हवी. तेव्हा हे चार क्रेडिट म्हणजे तिचं एक वर्ष आहे, एवढं लक्षात असू दे.

इंटर्नशिपची सगळी प्रकरणं माझ्या टेबलावरून जातात. चार वर्षं मीच समन्वयक आहे. पण पोटच्या पोरीची फाइल आपणच तपासणं बरं दिसत नाही, म्हणून ती मी शेजारच्या टेबलावरच्या सरांना दिली. मुलं त्यांना फूटपट्टी म्हणतात. ते अहवालाचा समासही मोजतात, आणि समास बरोबर निघाला की खरोखर आनंदतात. माणूस सरळ आहे.

तिने तुझ्याकडे यायचं ठरवलं तेव्हा मी हरकत घेतली नाही, हे मुद्दाम कळवते. तुझ्या मनात काही असेल तर म्हणून.

काल घरी आली ती बोलतच आली. तुझं टेबल खिडकीपाशी आहे, तू कानामागे पेन खोचतेस, तुला अख्खं रुग्णालय ‘ताई’ म्हणतं, सफाईवाल्या मावशींपासून सर्जनपर्यंत. हे ऐकून मला जरा गंमत वाटली. ताई मी आहे.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी, शनिवार

चिमे,

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. म्हणजे धरलं होतं. रोज पेटी उघडते.

‘मावशी म्हणते.’ आमच्या घरात सध्या प्रत्येक वाक्याची सुरुवात अशी होते. मावशी म्हणते, ‘कृपया’ हा शब्द भिंतीवर लावला की कुणी वाचत नाही. मावशी म्हणते, वार्ताहराचा फोन आला की आधी त्याला विचारायचं, तुम्हाला छापायला किती वेळ आहे. मावशी म्हणते, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं आणि कधी कळवणार ते सांगायचं. परवा जेवताना मी ताट जरा जोरात ठेवलं, तर तुझे भावोजी म्हणाले, “पोटात दुखत असेल तर झोप जरा. भांड्यांनी काय केलंय?”

“माझ्या कशाला पोटात दुखेल?”

“मी कुठे कारण विचारलं?” ते म्हणाले, आणि पोरगी हसली. दोघं मिळून हसतात आजकाल.

ती लिफ्टची गोष्ट मला दोनदा ऐकवून झाली आहे. आधीची पाटी अशी होती म्हणे: ‘तांत्रिक कारणास्तव उद्वाहन सेवा तात्पुरती स्थगित करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ तू ती काढून लिहिलंस: ‘लिफ्ट बंद आहे. जिना उजवीकडे. चढता येत नसेल तर या बाकावर बसा, दहा मिनिटांत माणूस येईल.’ आणि भिंगरीने मला डोळे मोठे करून सांगितलं की मावशीने आधी माणूस ठरवला, जिन्यावरून उचलून न्यायची खुर्ची ठरवली, दहा मिनिटं घड्याळ लावून मोजली, आणि मगच पाटी लिहायला घेतली.

मी पंचवीस वर्षं स्पष्ट लेखन शिकवते आहे. त्यावर माझी दोन व्याख्यानं आहेत, चांगली आहेत, मुलं उतरवून घेतात. भिंगरी त्या दोन्ही व्याख्यानांना पहिल्या बाकावर होती. तेव्हा घरी येऊन ती काही बोलली नव्हती.

तुझ्याकडे ती आता रुग्णांना घरी जाताना द्यायचं माहितीपत्रक नव्याने लिहिते आहे, औषधं कशी घ्यायची, कधी परत यायचं वगैरे. तिचा पहिला मसुदा मी मागितला. पेन घेऊन बसले. तिने कागद माझ्यासमोर ठेवला, पण हात कागदावरच ठेवला. म्हणाली, “आई, मावशीने यावर एकही खूण केली नाही. तिने फक्त विचारलं, हे कोण वाचणार, आणि तेव्हा त्याच्या हातात अजून काय काय असेल?”

“मग?”

“मग मीच निम्मं खोडलं.”

मी पेनाला टोपण लावलं.

आता जे लिहायचं नव्हतं ते. गुरुवारी मी घरी बैठक आहे म्हणून सांगितलं आणि तुमच्या रुग्णालयात आले. बाह्यरुग्ण विभागातल्या लांब बाकावर बसले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “तुमचा नंबर कितवा?” मी म्हटलं, “मी कुणाला तरी भेटायला आलेय.” ते म्हणाले, “मग आत जा की. भेटायला कशाला नंबर लागतो?” मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं ना, अर्धा दिवस लागतो.

तुमची काचेची खोली तिथून सरळ दिसते. तुम्ही दोघी एका कागदावर वाकला होतात. तुझे केस पुढून पांढरे झालेत, मला माहीत नव्हतं. भिंगरीने न विचारता तुझ्या कानामागचं पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि परत तिथेच खोचलं. तू मानही वर केली नाहीस. घरी मी तिच्या खांद्यावरून डोकावले तरी ती वही मिटते.

मी वीस मिनिटं बसले. मग आजोबांचा नंबर आला, आणि त्यांच्यासोबत उठले, म्हणजे उठायला काहीतरी निमित्त झालं.

ताई


२ मार्च, सोमवार

चिमे,

आज एक गोष्ट घडली आणि ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. साठ तास पूर्ण झाले की मध्यावर फाइल तपासली जाते. मार्गदर्शकाची माहिती असलेला कागद त्यात असतो. त्या कागदावर तुझ्या शिक्षणाचा रकाना रिकामा होता. त्यासंबंधी विचारणा झाली असता माहिती दिली गेली.

हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्याचं खोडलं असतं. दिली गेली नाही. मी दिली.

सर आपल्या टेबलावरूनच म्हणाले, “मॅडम, मार्गदर्शकांचं शिक्षण लिहायचं राहिलंय. तुमच्या भगिनी ना या?”

“हो.”

“काय झालंय त्यांचं?”

“पदवी नाही. शेवटच्या वर्षाला सोडलं तिने.”

त्यांनी चष्मा काढला. “मग सातवा नियम लागतो.”

“हो. सातवा लागतो.”

“अरेरे,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

आमच्या नियमावलीतला सातवा नियम सांगतो की कार्यालयातला मार्गदर्शक किमान पदवीधर असावा. नसेल तर त्याच्या हाताखालचे तास धरता येत नाहीत. भिंगरीचे साठ तास आज थांबवले आहेत. मंगळवारी, दहा तारखेला, समितीची बैठक आहे, तीत निर्णय होईल.

मी खोटं बोलले नाही. दिवसभर हेच स्वतःला सांगते आहे. पण चिमे, खरं सांगताना माणसाला इतकं बरं वाटू नये. ‘पदवी नाही’ म्हणताना माझ्या जिभेवर काहीतरी गोड विरघळलं. एक घोटभरच. मग मला सहा वर्षांपूर्वीची, बाबा गेले तेव्हाची बैठकीची खोली आठवली.

तो दिवस आपण दोघींनी कधी काढला नाही. बाबा गेल्याची वर्तमानपत्रातली सूचना तू लिहिली होतीस, चार ओळी. आत्या ती वाचून रडल्या, काका म्हणाले, दादाच बोलतोय असं वाटतं. मी सगळ्यांसमोर तो कागद घेतला, लाल पेनाने शेवटची ओळ अधोरेखित केली आणि म्हटलं, हे वाक्य अपुरं आहे. हिला काही पुरं करायची सवयच नाही. खोलीत बारा-पंधरा माणसं होती. तू कागद माझ्या हातातून घेतलास, घडी घातलीस आणि चपला घालून गेलीस.

वाक्य अपुरं नव्हतं. मी नंतर कितीदा तरी वाचलं आहे.

ताई


५ मार्च, गुरुवार

चिमे,

तुला सगळं माहीत असणार, कारण भिंगरी तुझ्याकडे आहे. तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. माझी बाजू चांगली आहे म्हणून नव्हे. रोजनिशीत मी हेच लिहायला बसले होते आणि लक्षात आलं की तिथे मी मला सोयीचं लिहिते आहे. तुला लिहिताना तेवढं जमत नाही.

काल ती दप्तर खांद्यावर ठेवूनच स्वयंपाकघरात आली.

“आई, माझे साठ तास रद्द झालेत.”

“रद्द नाहीत, स्थगित.”

“आत्ता मला शब्द शिकवू नकोस.”

तुझे भावोजी बाहेरून आले. “आधी पाणी पी बघू.”

“बाबा, तुम्ही मध्ये पाणी आणू नका.” मग माझ्याकडे वळून, “सरांना कुणी सांगितलं? मावशीने तर रकाना भरलाच नव्हता.”

“त्यांनी विचारलं.”

“कुणाला?”

“मला.”

“आणि तू सांगितलंस.”

“मग काय खोटं बोलू?”

“खोटं कोण बोल म्हणतंय? ‘तिलाच विचारा’ म्हणता आलं असतं.”

दोन शब्दांचं वाक्य. मला सुचलं नाही असं मी म्हणणार होते, पण ते तपासून पाहिलं तर खरं निघेना. मी सुचू दिलं नाही.

मग तिने ते सांगितलं. तिने तुला विचारलं होतं की रकाना रिकामा का ठेवलास. तू म्हणालीस, “हा कागद तुझ्या आईच्या टेबलावर जाणार ना? तिला सगळं ठाऊक आहे. काय लिहायचं ते ताई बघेल.”

तू तो कागद पहिल्याच दिवशी भरलास. माझं पत्र तेव्हा पोस्टातही पडलं नव्हतं. फाइल मी सरांना दिली आहे हे तुला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तरी तू गृहीत धरलंस की ताई बघेल.

“तू हा नियम बदलू शकत नाहीस?” भिंगरीने विचारलं. “केला कुणी हा?”

“समितीने.”

“समितीत कुणी?”

“मी मांडला होता.”

तिने दप्तर खांद्यावरून उतरवलं. मग आत जाऊन पिशवी भरू लागली. “मी मावशीकडे राहते थोडे दिवस. तिथून रुग्णालय जवळ आहे.”

“आता रुग्णालयात कशाला जायचं? तास धरलेच जाणार नाहीत.”

“माहितीपत्रक अर्धं राहिलंय.”

हे मला सगळ्यात जास्त लागलं. रागावून गेली असती तर मी तिच्या पाठोपाठ जिन्यापर्यंत गेले असते. पण ती कामाला गेली. क्रेडिटविना, सहीविना, कुणी गुण देणार नाही अशा कामाला. पंचवीस वर्षांत माझ्या वर्गातून असं कुणी उठून गेलं नाही. मुलं माझ्याकडे परीक्षेत येणार का एवढंच विचारतात.

तुझे भावोजी दाराशी म्हणाले, “जाऊ दे. मावशीकडेच तर चाललीय, परक्याकडे नाही.”

तेच तर. परक्याकडे गेली असती तर मी निवांत झोपले असते.

ताई


८ मार्च, रविवार

चिमे,

आज फोन केला तेव्हा तू उचलशील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणून जे बोललो ते इथे उतरवून ठेवते. तुला त्याची गरज नाही. मला आहे.

“कोण?”

“मी.”

“बोल, ताई.”

“पत्रं मिळाली?”

“चारही. ठेवलीत.”

“उत्तर नाही दिलंस.”

“तू काही विचारलंच नाहीस त्यात. सगळं तूच विचारतेस, तूच उत्तर देतेस. मी मध्ये कुठे बसू?”

मला हसू आलं, पण ते तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन जरा लांब धरला. मग तू विचारलंस, “अजून लाल पेन वापरतेस?”

“हिरवं.”

“बरं. सुधारणा आहे.”

“ती जेवते का नीट?”

“जेवते. ताटात भाताची भिंत घालून कप्पे करते. तुझ्यासारखी.”

“अजून काय करते माझ्यासारखं?” हे मी विचारलं. भीक मागितल्यासारखं विचारलं, मला माझाच आवाज ऐकू आला.

“चूक दिसली की गप्प बसवत नाही तिला. कालच आमच्या अधीक्षकांना सांगून आली, तुमच्या पत्रातला तिसरा परिच्छेद कुणाला कळणार नाही. ते बिचारे बसून राहिले.”

मग मी कामाचं काढलं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी शुक्रवारी मला बोलावून मार्ग सुचवला होता. तुमच्या रुग्णालयाचे प्रशासन अधिकारी पदवीधर आहेत. मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव घालायचं, सह्या त्यांच्या घ्यायच्या, मागच्या तारखांच्याही. “नियम पाळला जातो, पोरीचं वर्ष वाचतं, कुणाला बोलायला जागा नाही,” असं बाई म्हणाल्या. मला तो मार्ग फार आवडला. किती आवडला ते तुला सांगते: घरी येताना मी रस्त्यात गुणगुणत होते. चार क्रेडिट राहतात आणि तुझं नाव जातं. प्रमाणपत्रावर, फाइलवर, कुठेही तू नसणार.

भिंगरीला मी तेव्हाच कळवलं होतं. ती म्हणाली, “ज्यांनी मला एकदाही पाहिलं नाही त्यांनी लिहून द्यायचं की यांनी मला शिकवलं? आई, तुझ्या दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याला तू हे करू दिलं असतंस?” नसतं दिलं. तीन वर्षांपूर्वी एकाला अशाच सहीसाठी मी नापास केलं होतं. तिने ठेवून दिला फोन. मावशीच्या सहीशिवाय क्रेडिट नकोत म्हणाली, वर्ष गेलं तर जाऊ दे.

हे तुला सांगितल्यावर तू म्हणालीस, “मी समजावते तिला. माझं नाव काढा. पोरीचं वर्ष वाया घालवू नका.”

“तुला काही वाटणार नाही?”

“वाटेल ना. पण सवय आहे.”

“कसली?”

“तुझी परीक्षा आधी असायची.”

हे तू कुणाला पत्ता सांगावा तसं बोललीस. टोमणा असता तर मी परतवला असता. मी म्हटलं, दारात कुणी आलंय, आणि फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं.

आईचं आजारपण आलं ते वर्ष. तुझं पदवीचं शेवटचं आणि माझं एम.ए.चं. एकीने घरी थांबायला हवं होतं. बाबांनी दोघींना समोर बसवलं होतं, आणि कुणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, माझी परीक्षा आधी आहे. होतीच, अकरा दिवसांनी आधी. ‘तू पुढच्या वर्षी दे,’ असं सगळे तुला म्हणाले. पुढच्या वर्षी आई अंथरुणातून उठत नव्हती, मला नोकरी लागली होती, आणि तू रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत बसू लागली होतीस, कारण आईला तिथेच न्यावं लागायचं. त्या खिडकीतून तू कुठे पोहोचलीस ते आज मला माझीच लेक घरी येऊन सांगते.

मी आयुष्यभर असं धरून चालले की तुझ्याकडे ते आयतं आलं.

ताई


९ मार्च, सोमवार

चिमे,

उद्या अकरा वाजता बैठक आहे. हे पत्र तुला बैठक झाल्यावर मिळेल, म्हणून यात मला बरं दाखवायचं काही कारण उरलेलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की भिंगरी तुझ्याकडे यायला निघाली तेव्हा मी हरकत घेतली नाही. ते खरं आहे आणि त्याच्याइतकं खोटं मी तुला दुसरं काही लिहिलेलं नाही. मला सातवा नियम माहीत होता. तुझी पदवी नाही हेही माहीत होतं. मध्यावर फाइल अडणार हे मला जानेवारीतच दिसत होतं. तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, जा. मनात म्हटलं, जाऊ दे, सातवा आहेच.

आणि तो नियम. तीन वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी इंटर्नशिपला तुमच्याकडे होती. अबोल मुलगी, माझ्याकडे तीन वर्षं शिकली. तिच्या अहवालाच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती: ‘मला लिहायला शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या ताईंना.’ मी ते पान उलटलं, परत मागे आणलं. मग अहवालात चुका शोधल्या. तीनच सापडल्या. त्याच आठवड्यात नियमावली नव्याने करायची होती. मी सातवा नियम लिहिला आणि कारण म्हणून ‘शैक्षणिक दर्जा राखण्यासाठी’ असं घातलं. सरांनी अनुमोदन दिलं. सर्वांनी माना डोलावल्या. मग दोन मुलांनी तुमच्या रुग्णालयाचं नाव काढलं तेव्हा ‘तिथे अडचण येईल’ म्हणून मी त्यांना दुसरीकडे वळवलं.

नियमावलीत एकोणीस नियम आहेत. अठरा सगळ्यांसाठी आहेत. सातवा मी एका माणसासाठी लिहिला. त्यात माझीच मुलगी अडकेल हे तेव्हा कुठे दिसत होतं.

आज दिवसभर मी दुसरी वाट शोधत होते. अनुभवी मार्गदर्शकाला पदवीची अट शिथिल करावी, असा अर्ज लिहिला. चांगला उतरला. सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“मॅडम, अर्ज रास्त आहे. पण मी विरोध करणार.”

“का?”

“आज केला तर तो तुमच्या मुलीसाठी होईल. तीन वर्षांत तुम्हाला हे सुचलं नाही. मुलगी अडली आणि सुचलं. असा नियम वाकवला तर उद्या कुणाला नाही म्हणायचं?” मग अर्ज परत देत, “रागावू नका. माझी मुलगी असती तर तुम्हीही हेच म्हटलं असतंत.”

“म्हटलं असतं.”

“नियमच मुळात चुकीचा होता असं असेल, तर गोष्ट वेगळी. पण तसं काही कारण आहे का?”

त्यांनी ते सहज विचारलं. मला उत्तर सुचायला या वेळी अर्धा दिवस लागला नाही, पण दिलंही नाही. म्हटलं, उद्या बैठकीत बोलते.

कारण आहे. तेवढं एकच आहे, आणि ते माझ्याखेरीज कुणाकडे नाही. ते सांगितलं तर नियम त्याच दिवशी पडेल, कारण वैरापोटी केलेला नियम ठेवायला सरही तयार होणार नाहीत. मग साठ तास धरले जातील, तुझ्या सहीसकट. समन्वयकाचं काम माझ्याकडून जाईल. जायलाच हवं. त्या दोन मुलांना मी कुठे वळवलं तेही विचारतील, आणि तेही सांगावं लागेल. मागच्या बाकावर बसणारे सहकारी संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला सांगतील की बाई स्वतःच्या बहिणीवर जळत होत्या. ‘होत्या’ हे सुद्धा ते उदारपणे म्हणतील.

एक शंका उरते, ती लिहून टाकते. हे सगळं सांगून मला भिंगरी घरी परत यायला हवी आहे का? हवी आहे. ती तुझ्याकडे बघते तसं तिने एकदा माझ्याकडे बघावं असं वाटतं का? वाटतं. म्हणजे या कबुलीच्या बुडाशीही तेच आहे, जे नियमाच्या बुडाशी होतं. आज दुपारभर मी या विचाराशी अडून बसले होते की आधी मन साफ करावं आणि मग बोलावं. मग लक्षात आलं की मन साफ होईपर्यंत बैठक होऊन जाईल, आणि प्रमाणपत्रावर अशा माणसाची सही असेल ज्याने तिला पाहिलेलं नाही. तेव्हा आहे त्या मनाने बोलणार.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. या पत्रात मी काही विचारलेलं नाही, तू म्हणालीस तसंच. पण एक विचारते. ती सूचना लिहिलीस तेव्हा बाबांची ती शेवटची ओळ तुला कशी सुचली? मी शिकवते म्हणून नाही विचारत.

तुझी,
ताई

उद्या: अकरा वाजता, पहिला विषय सुरू होण्याआधी उभं राहून, सातवा नियम मी कुणामुळे लिहिला ते सांगणे.